उसातून काढलेलं विमान

रिमोटवर उडवायचं छोटं विमान उसात पडलं की पहिली काळजी विमानाची नसते, आगीची असते. विमानाच्या पोटात तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी असते, पूर्ण भरली की 12.6 व्होल्टची. आपटल्यावर तिच्या आतले पापुद्रे एकमेकांना टेकले तर ती लगेच पेटेलच असं नाही. कधी कधी बराच वेळ गप्प राहून मग धुमसायला लागते. आणि मार्चातल्या फडात बुडाशी वाळलेल्या पाचटाचा थर असतो, त्याला बिडीचं थोटूकही पुरतं. ज्याच्या बांधावर आपण हक्काने मोटरसायकल लावतो, त्याचा तोडणीला आलेला ऊस आपल्या खेळापायी जळाला तर त्याला तोंड कसं दाखवायचं? म्हणून आधी पळायचं. हळहळायला पुढे भरपूर वेळ असतो.

पळण्याआधी एकच काम करायचं. आपण उभे आहोत तिथून विमान ज्या दिशेला दिसेनासं झालं, त्या रेषेत लांबची एखादी खूण धरायची. विजेचा खांब, नारळ, पाण्याची टाकी, काहीही. बरोबरच्या माणसाने त्याच्या जागेवरून त्याची वेगळी खूण धरायची. दोन रेषा जिथे कापतात तिथे विमान. एकाच रेषेवर विसंबलं तर अख्खा दिवस जातो, कारण आकाशातल्या लहान वस्तूचं अंतर माणसाच्या डोळ्याला कळत नाही. आमचा तरी अनुभव असा की वाटतं त्यापेक्षा ते नेहमी लांबच पडलेलं असतं.

फडात शिरलं की बाहेरचं जग संपतं. दहा-बारा फूट उंच ऊस, डोक्यावर आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि हाताला, मानेला, कानाला कापत जाणारी पाती. बाहीचा शर्ट घालून या, असं आम्ही नव्या मंडळींना सांगतो तेव्हा ती हसतात. एकदा उसात जाऊन आली की हसत नाहीत. या खेपेला मी आत होतो आणि मामा बांधावर ट्रान्समीटर, म्हणजे विमानाचा रिमोट, घेऊन उभे होते. त्यांना एवढंच सांगितलेलं, की डाव्या हाताची स्टिक फक्त आडवी हलवायची, उभी अजिबात नाही. आडवी हलवली की शेपटीतलं सुकाणू हलतं आणि त्याच्या सर्व्होची, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटरची, बारीक किरकिर शांत फडात वीस-पंचवीस पावलांवरूनही ऐकू येते. उभी सरकवली तर मोटर फिरायला जाते. पंखा उसाच्या कांड्यांत अडकलेला असला तर मोटर जागच्या जागी करंट ओढत राहते आणि तिचा कंट्रोलर जळतो. म्हणजे पुन्हा आगच.

शेताचे मालक तोवर सायकलवरून आले. म्हातारे गृहस्थ, आम्ही त्यांना आबा म्हणतो. बांधावरून मामांशी चाललेलं त्यांचं बोलणं मला आतून ऐकू येत होतं.

"काय, ड्रोन पडला काय?"

"ड्रोन न्हवं आबा, विमान."

"आत माणूस न्हवता न्हवं?"

"न्हाई न्हाई. भाच्याचं हाय, खेळायचं."

"मग सावकाश हुडका म्हणावं. सरीनं चाला, कांड्या मोडू नका. दोनशे पासष्ट हाय."

दोनशे पासष्ट ही उसाची जात. आमच्या भागात उसाचं नाव असं आकड्यातच निघतं आणि त्यात एक वजन असतं. मी पाय जपून टाकायला लागलो.

विमान सापडलं ते दोन सऱ्यांच्या मध्ये, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर लटकलेलं. नाक खाली, शेपटी वर. पंख मात्र त्याला नव्हता, तो चार-पाच हात पुढे उसाच्या शेंड्यांवर अलगद पडला होता. नवखा माणूस हे पाहून म्हणेल, अरेरे, पंखच तुटला. मी ते पाहून सुटकेचा श्वास टाकला. पंख तुटला नव्हता, सुटला होता. आमच्या विमानाचा पंख खोडावर, म्हणजे विमानाच्या मधल्या धडावर, रबरबँडांनी बांधलेला असतो. विमान जमिनीवर, झाडावर किंवा उसावर आदळलं की रबर ताणतात, निसटतात आणि पंख आपला वेगळा होऊन जातो. तो तसा सुटला नाही, तर आदळण्याचा सगळा जोर पंखाच्या मधल्या काठीत जाऊन ती मोडते, किंवा खोडाची पाठ फाटते. रबरबँड हा गरिबीचा जुगाड नव्हे. विचार करून ठेवलेला तो कच्चा दुवा आहे, आणि मामांशी माझं जे दोन महिने चाललं, ते सगळं या कच्च्या दुव्यावरूनच.

बॅटरी काढली, हाताने चाचपली. फुगलेली नव्हती, गरम नव्हती. एक कोपरा चेपला होता. तसली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. घरी आल्यावर ती अंगणात मोकळ्या जागी, वाळू भरलेल्या कुंडीत रात्रभर ठेवली. मामींनी विचारलं, हे काय पेरलंय.

मामांबद्दल सांगायला हवं. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ओतीव कामाचे कारखाने आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती कुणीतरी करावी लागते, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि जो पोकळ ठसा उरतो त्यात रस ओतायचा. मामांनी आयुष्यभर पॅटर्न केले. सागवान, शिवण, पाइन; रंधा, पटाशी, कानस. आता निवृत्त आहेत, पण घराच्या मागच्या खोलीत बाक आहे, हत्यारं धार लावलेली आहेत आणि हातांना काम हवं आहे. माझं मोडलेलं विमान त्या बाकावर गेलं.

पॅटर्नवाल्याचा स्वभाव त्याच्या धंद्याने घडवलेला असतो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, बीड असेल तर मीटरला साधारण 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मुळात मोठा करायचा. वर मशिनिंगसाठी आणखी थोडं सोडायचं. वाळूतून सुटावा म्हणून उतार द्यायचा. कोपरे भरून गोल करायचे, नाहीतर तिथे ओतकाम तडकतं. म्हणजे सतत, प्रत्येक ठिकाणी, थोडं जास्तीचं. कमी पडलं तर अख्खं कास्टिंग भंगारात जातं. जास्त झालं तर घासून काढता येतं. चाळीस वर्षं हा हिशेब हातात मुरला की माणूस विमानही त्याच हिशेबाने जोडणार.

बाल्साची, म्हणजे ही विमानं ज्याची करतात त्या हलक्या लाकडाची, फळी त्यांनी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा दोनदा वरखाली करून पाहिली आणि म्हणाले, "हे लाकूड न्हवं लेका, लाकडाचं सोंग हाय."

बाल्सा दक्षिण अमेरिकेतला, मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. झाड इतकं झपाट्याने वाढतं की सहा-सात वर्षांत तोडायला येतं. सागाचा घनमीटर साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो, बाल्साचा दीडशे-पावणेदोनशे. त्यातही फळी-फळीत फरक असतो. दुकानात वजनकाटा घेऊन जाणारे लोक मी पाहिलेत, आणि ते वेडे नाहीत. एकाच मापाच्या दोन फळ्यांत एक दुसरीच्या दुप्पट जड निघू शकते.

सोंग म्हणाले खरे, पण लाकूड वाचण्यात माझ्यापेक्षा तेच पुढे होते. बाल्साच्या काही फळ्यांवर आडव्या बाजूने चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते. झाडाच्या खोडाच्या मध्यातून त्रिज्येच्या दिशेने कापलेली ती फळी असते. ती आडवी वाकत नाही, वाकवायला गेलं तर फुटते. पंखाच्या बरगड्यांना हीच लागते. उलट, झाडाच्या खोडाच्या कडेला स्पर्शरेषेत कापलेली फळी सहज वळते, ती पंखाच्या तोंडावर, म्हणजे पुढच्या कडेवर, गोल गुंडाळायला चांगली. हे मला पुस्तकं वाचून आणि फळ्या फोडून कळलं. मामांनी गठ्ठ्यातून दोन मिनिटांत दोन ढीग केले. "ही बरगड्यांना, ही पांघरायला." मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

दुरुस्तीचं पहिलं काम म्हणजे काही न जोडणं. हे फार कमी लोक पाळतात. घरी आल्या-आल्या हात फेविक्विककडे जातो. तुटलेल्या दोन कडा एकमेकींना बरोबर बसताना दिसल्या की राहवत नाही. पण आधी विमान का पडलं ते शोधायला हवं, आणि ते तुटलेल्या तुकड्यांतच लिहिलेलं असतं. आमचं विमान वळण घेऊन समोर येत होतं, उंची साठ-सत्तर फूट, वारा जवळजवळ नाही. नाक खाली झुकलं, मी स्टिक मागे ओढली, नाक किंचित उचललं आणि पुन्हा झुकलं. त्यानंतर स्टिकला उत्तर नाही. विमान समोरून येत असलं की डावं-उजवं उलटं होतं आणि त्या गोंधळात कितीतरी विमानं जातात, पण वर-खाली उलटं होत नाही. त्यामुळे गडबड एलिव्हेटरमध्येच होती, म्हणजे शेपटीच्या आडव्या पाळीत.

सर्व्हो उघडला. नऊ ग्रॅमची निळी डबी, चार बारीक स्क्रू, आत ग्रीस माखलेली पांढरी प्लॅस्टिकची दातेरी चाकं. एका चाकाचा एक दात नव्हता. तो दात ग्रीसमध्ये अडकलेला सापडला, मोहरीएवढा. पाळी थोडी उचलली जात होती आणि रिकामी जागा आली की घसरत होती.

आता हा दात हवेत का तुटेल? हवेत पाळीवर एवढा जोर येतच नाही. मामांनी भिंगाखाली पाहून सांगितलं, की तुटीचा अर्धा भाग मळलेला आहे आणि अर्धा ताजा. बिडाच्या वस्तू अशाच तडकतात म्हणे, आधी एक चीर पडते, ती महिनोन्‌महिने काळी होत राहते, आणि मग एके दिवशी उरलेलं सुटतं. कधीतरी उतरताना शेपटीची पाळी माळावरच्या दगडाला टेकली असेल. तो धक्का तारेवाटे थेट सर्व्होच्या दातावर गेला. बाहेरून काही दिसलं नाही, आणि विमान त्यानंतर छान उडत राहिलं. म्हणजे उसात पडलेलं विमान खरं तर त्या दगडावरच पडलेलं होतं, फक्त खाली यायला वेळ लागला.

तेव्हापासून आम्ही जोरात उतरलेल्या विमानाची प्रत्येक पाळी, बॅटरी काढून, दोन बोटांनी अगदी हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतो. दात गेलेला असला की बोटाला टक्‌ असं लागतं. कुठल्याही यंत्रात दाखवून मिळत नाही अशी ही तपासणी आहे. एलिव्हेटरला आता धातूच्या दातांचा सर्व्हो बसवलाय, चार-पाच ग्रॅम जड. ते ग्रॅम मी आनंदाने दिले. बाकीच्यांसाठी भांडलो.

भांडण असं झालं. खोड पंखाच्या लगेच मागे मोडलं होतं, तिथेच मोडतात सगळी. मोटर ज्या प्लायच्या पाटीवर बसते ती एका बाजूने सुटली होती. पंखाचं तोंड दोन ठिकाणी उसाने दाबून आत घातलं होतं, दोन बरगड्या चुरा, आणि मधल्या काठीला केसाएवढी भेग. मी कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तर मामांनी खोड जोडून ठेवलेलं. आतून दोन्ही बाजूंना शिवणीच्या पट्ट्या, भरपूर अ‍ॅराल्डाइट, आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी रिबेट मारून. दिसायला सुरेख. गुडघ्यावर ठेवून दाबून दाखवलं.

"आता आपट म्हणावं कुठंबी."

काट्यावर ठेवलं. खोड मूळच्यापेक्षा 85 ग्रॅम जड. मुळात अख्खं विमान बॅटरीसकट 940 ग्रॅमचं.

"मामा, हे उडायचं नाही नीट."

"कशापायी? मोटर ओढंल की. एवढा जोर हाय तिला."

मोटर ओढेल, हे खरंच होतं. 1000 केव्हीची मोटर, म्हणजे रिकामी फिरताना दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, त्यावर दहा इंची पंखा. ओढायला ती कमी पडत नाही. प्रश्न ओढण्याचा नव्हताच. जड विमानाला हवेत टिकायला जास्त वेग लागतो. वजन दहा टक्के वाढलं की पंखाने साथ सोडण्याचा वेग साधारण पाच टक्के वाढतो, आणि हे पाच टक्के उतरतानाच वसूल होतात. आणखी वाईट म्हणजे हे वजन चुकीच्या जागी होतं. पंखाची पुढून मागे रुंदी 20 सेंटिमीटर. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर यायला हवा. शेपटी तिथून साठ सेंटिमीटर मागे, नाक वीस सेंटिमीटर पुढे. शेपटीला 10 ग्रॅम डिंक लागला तर तोल राखायला नाकात 30 ग्रॅम शिसं घालावं लागतं. दहाचे चाळीस होतात. नाक जड असलेलं विमान बैलासारखं चालतं, पण चालतं. शेपटी जड असलेलं विमान हातातून सुटताच नाक वर करतं, थांबतं, आणि पुन्हा दुरुस्तीच्या बाकावर येतं.

मामांना तोलाचा हिशेब लगेच पटला. तरफेचं गणित त्यांना शिकवायला नको. पटलं नाही ते दुसरं. मी म्हणालो, खोड इतकं मजबूत केलंत तर पुढच्या वेळी मोडेल ते पंखाचं मूळ, नाहीतर मोटरची पाटी. जोर कुठेतरी जाणारच. खोड पंखामागे मोडलं तर ते जोडायला एक संध्याकाळ लागते. मोटरचा दांडा वाकला तर मोटर बदलावी लागते. स्वस्तातलं मोडू द्यायचं, महागातलं वाचवायचं.

"मोडायसाठी करायचं?" त्यांच्या आवाजात खरीखुरी कळवळ होती. कुणी मुद्दाम कच्चं काम सांगावं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. आमच्याकडे वस्तूची सर्वांत मोठी स्तुती दणकट ही असते. खुर्ची दणकट, दरवाजा दणकट, स्वयंपाकघरातली मांडणी इतकी दणकट की घर बदलताना तिला तोडावं लागतं. कोल्हापुरी पायताणसुद्धा वजन करून घेतात आणि जड असेल तर खूश होतात.

मी त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या डी हॅविलँड मॉस्किटो विमानाची गोष्ट सांगितली. 25 नोव्हेंबर 1940 ला पहिल्यांदा उडालेलं, दोन इंजिनांचं, त्या काळातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक, आणि लाकडी. बर्चच्या पातळ प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा. तोच बाल्सा, जो त्यांच्या बाकावर पडला होता. त्याचं खोड डाव्या-उजव्या दोन अर्ध्या भागांत साच्यांवर वेगवेगळं घडवत, आतल्या तारा-नळ्या उघड्यावर बसवून घेत आणि मग दोन्ही भाग चिकटवत. फर्निचर करणारे सुतार कामाला लावले होते. यावर मामा एकदम सावरून बसले. पॅटर्नही असाच दोन फाकांत करतात.

"डिंक कंचा?"

हा प्रश्न त्यांनीच विचारावा. सुरुवातीला दुधातल्या केसीनपासून केलेला डिंक वापरत, पुढे कृत्रिम रेझिन आलं. 1944 मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटोंचे जोड सुटले आणि तिथली विमानं तपासणीसाठी जमिनीवर उभी करावी लागली. दमट, उष्ण हवेला बोल लावला गेला, आणि कारखान्यातल्या जोडकामातले दोषही पुढे आले. मामा म्हणाले, "पावसाळ्यात सरस धरत न्हाई, हे आमच्या पोरालाबी ठावं हाय." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि त्यांनी रिबेट ड्रिलने काढायला घेतले.

त्यानंतरचं काम पाहण्यासारखं होतं. पंखाच्या काठीच्या भेगेत मी फेविक्विकचे थेंब सोडून मोकळा झालो असतो. त्या डिंकाचा शोधही मजेशीर आहे. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅकच्या प्रयोगशाळेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, आणि हातात आलं ते सगळ्यालाच चिकटणारं सायनोअ‍ॅक्रिलेट. नको म्हणून बाजूला ठेवलं, विकायला आलं ते 1958 मध्ये. हवेतल्या ओलाव्याने ते आवळतं, म्हणून कोल्हापूरच्या जुलैत ते बाटलीच्या तोंडावरच आवळतं. बारीक भेगेत केशाकर्षणाने शिरतं, हा त्याचा मोठा गुण. पण वाळल्यावर काचेसारखं कडक होतं आणि हिसक्याला तडकतं. मामांनी काठी भेगेपाशी सरळ कापली नाही. तिरकी कापली, जाडीच्या दहापट लांब उतार देऊन, नव्या तुकड्यालाही तसाच उतार, आणि दोन तिरक्या पाठी एकमेकींवर बसवल्या. मध्ये पातळ अ‍ॅराल्डाइट, बोटाने पुसून जवळजवळ काढून टाकलेलं. जोडाची वाढ एक ग्रॅमही नाही. आडवा जोड असता तर डिंकाच्या एका रेषेवर सगळा भार आला असता. तिरक्या जोडात तो लाकडाच्या लांब पट्टीवर पसरतो. विमानाच्या दुरुस्तीचे जुने नियमही एकास दहा-बाराच्या आसपासच उतार सांगतात. मामांनी ते वाचलेले नाहीत.

मोटरच्या पाटीला मात्र भरपूर डिंक, तिथे माझीही तक्रार नव्हती. नाकातलं वजन उपयोगी पडतं आणि हवेत मोटर सुटणं कुणालाच नको. चुरा झालेल्या जागी फेविक्विक आणि खायचा सोडा घालून भरायची युक्ती मी दाखवली. शिंपडताच फस्स होऊन दगड होतो. मामा आधी लहान मुलासारखे हरखले, मग कानस फिरवून पाहिली आणि नाक मुरडलं. सोडा भरलेली जागा दगडासारखी, शेजारचा बाल्सा लोण्यासारखा. घासताना लोणी झिजतं आणि दगडाचं टेंगूळ वर राहतं. त्यांचं बरोबर होतं. तो सोडा आम्ही कोरून काढला आणि बाल्साचे तुकडे बसवले.

अशा कामात ग्रॅमचा लोभ कुठवर जातो, याचं टोक म्हणजे अमेरिकेतले मेनार्ड हिल. विक्रमासाठी मॉडेल विमान इंधनासकट 5 किलोच्या आत असावं लागतं. तेवढ्या वजनात त्यांनी अटलांटिक ओलांडायचं ठरवलं. आधीची बरीच विमानं समुद्रात गेली. ऑगस्ट 2003 मध्ये न्यूफाउंडलंडहून सोडलेलं टॅम-5 हे बाल्साचं विमान 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं, तीन हजारांहून जास्त किलोमीटर. तेव्हा हिल 77 वर्षांचे होते, नजर जवळजवळ गेलेली, कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं. मामा त्यांच्यापेक्षा थोडे लहान आहेत. ही गोष्ट ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की पंख कुणी घासला होता.

पंखावर शेवटी प्लॅस्टिकची फिल्म चढवतात. तिच्या मागच्या बाजूला गरम केल्यावर चिकटणारा थर असतो; कमी उष्णतेने कडा चिकटवायच्या, मग उष्णता वाढवून मधला भाग आवळून घ्यायचा. त्यासाठी वेगळी लहान इस्त्री मिळते. आमच्याकडे मामींची होती. त्यांनी ती दिली, पण खालून पायमोजा चढवायच्या अटीवर. इथे एक धोका असतो. फिल्म आवळताना नुसत्या कापडासारखी बसत नाही, ओढते. एका बाजूने जास्त ओढली की पंखाला पीळ पडतो. पंखाच्या टोकाची मागची कड किंचित वर असेल तर बरंच, वेग कमी झाल्यावर टोकं शेवटी दगा देतात. पण एका पंखाला तसा आणि दुसऱ्याला उलटा पीळ पडला, तर विमान सरळ उडायचं नावच घेत नाही. पंख बाकावर चपटा ठेवून, मागून एक डोळा मिटून बघायचं. पीळ दिसला तर हाताने उलटा पिळून धरायचा आणि त्याच अवस्थेत फिल्म पुन्हा गरम करायची.

काट्यावर अखेर विमान आलं 958 ग्रॅम. त्यातले पाच धातूच्या सर्व्होचे, बाकीचे मोटरच्या पाटीचे आणि किरकोळ. मामांनी तो आकडा खडूने भिंतीवर लिहिला.

उडवायला आम्ही गायरानाच्या माळावर जातो, विमानतळ उजळाईवाडीला असल्यामुळे त्याच्या उलट्या अंगाला. 2021 च्या ड्रोन नियमांपासून नकाशातला हिरवा पट्टा, म्हणजे उडवायची मुभा असलेला भाग, बघून घ्यायची सवय लागली आहे, आणि ती चांगली आहे. सकाळी सात ते नऊ वारा पडलेला असतो. दहानंतर माळ तापतो, घारी पंख न हलवता वर चढायला लागतात, आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण करायला ती वेळ नव्हे. आधी पाळ्यांच्या दिशा पाहिल्या. दुरुस्तीत तार उलटी बसून डावं-उजवं बदललेलं असतं, आणि ते जमिनीवर कळलं नाही तर हवेत दोन सेकंदांत कळतं. ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करून, तीस पावलं चालून सिग्नल पोचतोय ना ते पाहिलं. मग मोटर बंद ठेवूनच गवतावर हातातून सोडलं. सरळ गेलं, नाक न उचलता, आणि गवतात घसरत थांबलं. मामा मागोमाग पळाले होते, हे मला नंतर आबांनी सांगितलं. ऊस तुटून गेला होता, त्यामुळे ते त्या दिवशी निवांतपणे बघायला आले होते.

उड्डाण सांगण्यासारखं काही झालं नाही, आणि हीच त्याची मोठी गोष्ट. चढलं, वळलं, समोरून आलं. ते समोरून येताना माझा अंगठा एलिव्हेटरच्या स्टिकवर जरा जास्तच घट्ट होता. सरळ उडताना ते डावीकडे कलंडतंय असं जाणवलं. मी उजवीकडे दोन क्लिक ट्रिम दिली, म्हणजे बटणाने पाळी तेवढी कायमची वळवून ठेवली, आणि ते ठीक झालं. उतरल्यावर मामांना सांगितलं, मस्त उडतंय, फक्त दोन क्लिक ट्रिम लागली.

"कंच्या अंगाला?"

"उजवीकडे."

त्यांनी पंखाचे रबर सोडवले, पंख उन्हात आडवा धरला आणि एक डोळा मिटला. डाव्या पंखाच्या टोकाला पीळ राहिला होता, जेमतेम दोन मिलिमीटर. मी म्हणालो राहू दे, ट्रिमने भागतंय. मामा म्हणाले, ट्रिमने झाकलंय, भागलं न्हाई. मी म्हणालो, सगळे असंच उडवतात. ते म्हणाले, सगळ्यांचं तू मला सांगू नकोस. यावर आबांनी मध्ये पडून मामांची बाजू घेतली, ते विमानाविषयी काहीही ठाऊक नसताना.

घरी येईपर्यंत हाच वाद चालू होता. मामा पंख घेऊन सरळ आत गेले आणि इस्त्री मागितली. मामी तेव्हा परकर-पोलक्यांचा ढीग घेऊन इस्त्रीलाच बसल्या होत्या. त्यांनी प्लग काढला नाही. म्हणाल्या, एवढं हातावेगळं होईपर्यंत थांबा, आणि थांबणार नसाल तर त्या विमानवाल्यांची वेगळी इस्त्री मिळते म्हणता ना, ती किती रुपयांना येते ते विचारा भाच्याला.